अर्ध्या गोळीची रीतसर विल्हेवाट

माणूस हरवला तर शोध घेतात. गोळी हरवली तर चौकशी होते. म्हणून वृद्धांच्या त्या शुश्रूषागृहात कडक वेदनाशामक गोळ्यांना दुहेरी कुलूप होतं आणि प्रत्येक पाळीला त्यांची मोजदाद होई. (वृद्धांची होत नसे. ते जाणार कुठे?)

सिस्टर या व्यवस्थेवर मनापासून खूश होत्या. मंगळवारी सकाळी मात्र चार नंबरच्या आजोबांनी आपली अर्धी गोळी तोंडात घेतली, "कडू आहे," म्हणाले आणि ती बशीत परत केली.

झालं. ही अर्धी गोळी आता दिलेलीही नव्हती आणि शिल्लकही नव्हती. नियम सतरा सांगत होता: अशी गोळी दोन साक्षीदारांसमोर नष्ट करावी, तोवर गोळ्यांचं कपाट उघडू नये. दुसरे साक्षीदार म्हणजे औषधनिर्माते. ते 'औषधांची तत्पर विल्हेवाट' या प्रशिक्षणाला गेले होते, ते थेट गुरुवारी येणार.

इकडे सहा नंबरच्या खोलीत निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं खुब्याचं हाड ठणकत होतं. त्यांची गोळी अकराची. सिस्टरांनी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

"त्यांच्या वेदना गुरुवारपर्यंत थांबतील का?" कारकुनाने अदबीने विचारलं.

"विचारून बघते," सिस्टर म्हणाल्या, आणि खरंच विचारायला गेल्या.

बाईंनी दात आवळून सगळं ऐकून घेतलं. "नियमांची वही आणा. आणि माझा चष्मा."

वही आली. बाईंनी नियम सतरा दोनदा वाचला. "साक्षीदार सज्ञान, साक्षर व शुद्धीवर असावा, एवढंच आहे. मी तिन्ही आहे. तुमचे ते औषधवाले आहेत का?"

सिस्टरांनी खलबत्ता आणला. दोघींनी मिळून अर्धी गोळी कुटली, चहाच्या चोथ्यात कालवली, पिशवीत सीलबंद केली आणि सह्या ठोकल्या. बाईंनी जाता जाता नियमातल्या शुद्धलेखनाच्या अकरा चुका लाल शाईने दुरुस्त केल्या. अकरा चाळीसला कपाट उघडलं. जेवणाच्या वेळेला बाई गाढ झोपल्या होत्या आणि सिस्टर पहिल्यांदाच खुर्चीला टेकल्या होत्या.

पुढे तपासणी पथकाने त्या पानाची तोंडभरून स्तुती केली. (आक्षेप एकच: शाई निळी हवी होती.) आता साक्षीदार व्हायला रहिवाशांची रांग लागते. गेल्या तिमाहीत एकूण अडीच गोळ्या नष्ट झाल्या. साक्षीदार एकशे चार. चार नंबरचे आजोबा तर साक्षीची संधी मिळावी म्हणून अधूनमधून गोळी कडू असल्याचं जाहीर करतात.

वाचकहो, खुशाल हसा. तुमच्या फ्रिजवरच्या डब्यातही कुणाकुणाच्या उरलेल्या गोळ्या आहेतच. त्यातलीच एक परवा तुम्ही उजेडात धरलीत, "डोकेदुखीचीच दिसते" म्हणालात, आणि एकही साक्षीदार नसताना पाण्याच्या घोटाबरोबर तिची विल्हेवाट लावलीत.