पाच फूट जाड बाभूळ

"रुपाना लगीनले लाकडं कमी पडी ऱ्हायनात का, याही? संकोच नका करू. मी ट्रॉली भरीसन धाडस," असं हेमकांत व्याही फोनवर अगदी गोडीत म्हणाले आणि म्हसावदच्या रतिलालभाऊंच्या हातातला चहा जागच्या जागी निवला.

लेकीच्या लग्नाला उरले होते पंधरा दिवस. साखरपुड्यात रतिलालभाऊंनी भर पंगतीत सांगून टाकलं होतं की, आमच्या मांडवात गॅसची शेगडी दिसायची नाही. वांग्याची भाजी होईल ती चुलाण्यावर आणि तीही घरच्या बाभळीच्या लाकडावर. बाभूळ होती, नाही असं नाही. मागच्या पावसाळ्यात पडलेली, वाळून खडंग झालेली आणि गोठ्याला लागून अजून तशीच अखंड आडवी. ही बातमी व्याह्यांपर्यंत कोणी पोहोचवली देव जाणे! आता मुलीच्या बापाने मुलाकडच्यांचं सरपण जाळायचं म्हणजे नाक कुठे ठेवायचं?

लाकूडफोड्या वाहरूने खोडावर कुऱ्हाड टेकवून पाहिली. "दादा, आठ दिन तरी लागतीन. हाई लाकूड नई, दगड शे."

"आठ दिन? मी मशीन आनस! एक दिनमा फडशा पाडस," रतिलालभाऊ म्हणाले.

नडगीएवढ्या फांद्या तोडायचं काम नव्हतं, तेव्हा मशीन मापाने घ्यायला हवं, एवढं त्यांना कळत होतं. त्यांच्या वडिलांच्या वेळी लाकडाचे व्यापारी यायचे, खोडाला सुतळी गुंडाळायचे, गाठ मारायचे आणि सौदा ठरवायचे. रतिलालभाऊंनीही अगदी तसंच केलं. बाभळीला सुतळीचा वेढा दिला, गाठ मारली आणि सुतळी खिशात घालून शहाद्याची एसटी पकडली.

बस स्टँडमागे युसुफभाईंचं शेतीच्या औजारांचं दुकान होतं. माणूस सचोटीचा. त्यांनी फळीवरचं एक चेनसॉ मशीन काढून पुढे ठेवलं. "दीड फुटनी पट्टी शे. बठ्ठा शेतकरी हाईच लई जातस. पन पहिले सांगा रतिलालभाऊ, लाकूड कितलं जाड शे?"

रतिलालभाऊंनी खिशातून सुतळी काढली आणि काउंटरवर लांबलचक पसरली. "गाठपावत मोजा."

युसुफभाईंनी टेप लावला. मग चष्मा पुसून पुन्हा लावला. "या अल्ला! पाच फूट?"

"बराबर पाच."

"इतलं जाड?"

"मग! आजाना हातनं झाड शे ते," रतिलालभाऊंची छाती आपोआप पुढे आली.

"भाऊ, तीस साल व्हयनात माले या धंदामा. पाच फूट जाड लाकूड कोनी सांगं नही आजपावत. मन्हं हाई मशीन तठे दातकोरनी व्हई जाई." युसुफभाईंनी ते फळीवर परत ठेवलं आणि फोन कानाला लावला. "तीन फुटनी पट्टी जोयजे. दोन्ही बाजूकडथून कापा, तव्हय कुठे पार व्हई. सुरतथून मागाडस."

मशीन यायला पाच दिवस लागले. त्या पाच दिवसांत युसुफभाईंनी कौतुकाने ही गोष्ट दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली, त्यामुळे म्हसावदला पाच फूट जाड बाभूळ आहे हे सगळ्या तालुक्याला कळलं. ठाऊक नव्हतं ते फक्त म्हसावदला.

सहाव्या दिवशी रतिलालभाऊ ते धूड पोत्यात गुंडाळून एसटीत चढले. पट्टीचं टोक पुढच्या बाकाखालून पार पलीकडे निघालं होतं.

"काका, हाई काय शे?" कंडक्टरने विचारलं.

"मन्ही पोरनं लगीन शे," रतिलालभाऊ म्हणाले. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं.

घरी बायकोने, दगूबाईंनी, मशीनला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग ते बाभळीशेजारी ठेवलेलं पाहून त्या थबकल्याच. खोड हातभर जाड आणि पट्टी त्याच्या जवळपास दुप्पट.

"ओ रुपाना बाबा, पाच फूट जाड झाड कोनतं?"

"हाईच ते. मोजीसन गयथू मी."

"कसं मोजं?"

रतिलालभाऊंनी रुबाबात सुतळी दाखवली. दगूबाईंनी ती हातातून घेतली, त्यांच्याच पोटाभोवती फिरवली आणि वीत-बोटांनी मोजली. "चार फूट. म्हनजे तुम्ही बी चार फूट जाड! मग घरना दारमा मावतस कसा?"

वाहरूने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे गदगदा हलत होते. रतिलालभाऊंचा चेहरा पडला. मात्र लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि रागावायलाही वेळ नव्हता. "मोठं शे ते काय झालं? लवकर कापी!" असं म्हणून त्यांनी दोरी ओढली.

मशीन एकट्याला पेलेना, म्हणून पुढची कडी वाहरूने धरली. आणि खरं सांगायचं तर मशीनने कमाल केली. खोड काकडीसारखं कापलं. फक्त पट्टीचं टोक पलीकडे दीड फूट उरत होतं आणि पलीकडे गोठ्याचा सागवानी खांब होता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. चौथ्या कापाला खांब गेला. कोपऱ्यातला जोडखांब त्याच्या मागोमाग आला आणि गोठ्याचं छप्पर हळूच, अगदी अदबीने खाली बसलं. नशीब की म्हशी पाण्यावर गेल्या होत्या!

"दादा, लाकडं वाढी गयात," वाहरू म्हणाला.

वाहरूने दोन दिवसांत सगळं फोडून अंगणात रचलं. तिसऱ्या दिवशी सकाळी रतिलालभाऊ टेकू दिलेल्या छपराकडे पाठ करून बसले असताना दारात मोटारसायकल थांबली. साक्षात हेमकांत व्याही! रतिलालभाऊ ताडकन उठले. आता सुतळीची गोष्ट निघणार आणि लग्नभर पंगतीत फिरणार.

व्याह्यांनी ढिगाभोवती एक चक्कर मारली. मग एक ढलपी उचलून हुंगली. "हाई ते सागवान शे! भाजीले सागवान जाळशात?"

"लगीन एकदाच व्हस, याही," रतिलालभाऊ कसेबसे म्हणाले.

हेमकांतरावांचा आवाज एकदम खाली आला. "याही, माले एक अडचन शे. मी तुमले ट्रॉली धाडाना गोष्टी करतू व्हतू, आन आमनीच चिंच पडनी. वाट अडी गई. वऱ्हाडनी गाडी निघाव नही. युसुफभाई बोलना, ती कापाजोगं मशीन बठ्ठा तालुकामा फक्त तुमनाकडे शे."

रतिलालभाऊंनी पाठ ताठ केली. किती दिवसांनी त्यांना बरं वाटत होतं! "कितली जाड शे चिंच?"

हेमकांतरावांनी इकडे तिकडे पाहिलं, खिशात हात घातला आणि गाठ मारलेली लांबलचक सुतळी बाहेर काढली. "सात फूट! गाठपावत मोजी ल्या."

वाहरू लाकडांच्या ढिगाआड गेला. दगूबाईंची नजर आधी सुतळीवर गेली आणि मग सावकाश व्याह्यांच्या पोटावर. त्यांनी हात पुढे केला, तोच रतिलालभाऊंनी झडप घालून सुतळी घेतली, नीट गुंडाळली आणि आदराने व्याह्यांच्या खिशात परत ठेवली.

"लई जा याही, मशीन तुमनंच शे," ते म्हणाले. "फक्त कापता येळे गोठा पहिले लांब करी ठेवा."