मिलिंदचा तिसरा पुकारा

दिवेलागणीला आमच्या कॉलनीत मेलेल्या माणसांची नावं पुकारली जातात. आवाज वरून येतो, खणखणीत, प्रत्येक अक्षर सुटं. "नागनाथ बसप्पा, हाजीर हो." मग थोडी शांतता, आणि पुन्हा तेच नाव. असं तीनदा. मग पुढचं नाव.

उदगीरला स्टेशनच्या मागे मी खोली भाड्याने घेतली ती भाद्रपदात. पहिल्याच संध्याकाळी हे ऐकलं आणि खाली घरमालकांना विचारायला गेलो की हे लोक कोण आहेत. घरमालक कुलकर्णी सर निवृत्त शिक्षक. ते शब्दकोडं सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्यातलं आता कुणी नाही. तुम्ही चहा घ्या."

पुकारणारे गृहस्थ शेजारच्या गच्चीवर उभे असतात. मारोती सोनकांबळे, वय सत्तरीच्या पुढे, उंच, काटक, पांढऱ्या शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. कोर्टात शिपाई होते. खटल्याची वेळ आली की व्हरांड्यात यायचं आणि पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर लोक जुनी नाणी जमवतात, जुने रेडिओ दुरुस्त करतात. यांच्याकडे जुनी नावं होती. रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन त्यातली पाच-सात ते बाहेर काढत. बांधाचे वाद, वाटण्या, फारकती, भिंतीवरून झालेली मारामारी. सगळं मिटलेलं, बहुतेक पक्षकारही मिटलेले.

हा छंद निरुपद्रवी आहे असं कॉलनीचं मत होतं. एकदाच गडबड झाली. सायकलवर चादरी विकणारा एक जण गल्लीतून चालला होता. वरून नाव आलं, ते नेमकं त्याच्या वडिलांचं. तो जागीच थांबला. सायकल भिंतीला लावली, टोपी काढली, आभाळाकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "मयत हाय, साहेब. वारस हजर हाय." गच्चीवरून उत्तर आलं की वारसाची नोंद घेतली, जाता येईल. तो गेला. त्या गल्लीत तो पुन्हा कधी आला नाही, असं सर सांगतात. चादरी चांगल्या होत्या, याचं त्यांना जास्त वाईट वाटतं.

कॉलनीत त्यांना पुकारेमामा म्हणतात. हे नाव इतकं रुळलंय की लग्नपत्रिका 'श्री. पुकारे, सहपरिवार' अशा येतात, आणि एका नव्या पोस्टमनने सोनकांबळे नावाचं टपाल 'इथे राहत नाहीत' म्हणून परत पाठवलं होतं. मामांनी दुसऱ्या दिवशी त्याला गल्लीच्या तोंडाशीच गाठून तीनदा पुकारलं.

घरातही ते कोर्टाचीच भाषा बोलत. चहा आवडला तर "दाखल". भाकरी करपली तर "खारीज". सून मंगल दारातल्या शिलाई मशीनवर ब्लाउज शिवत बसलेली असे. ती तिथूनच म्हणे, "खारीज तर खारीज. अपील चालत न्हाई. दुसरी भाकर न्हाई." मामा करपलेली भाकरी निमूट खात.

त्यांचे वडील गावात दवंडी देत. वेशीपासून वेशीपर्यंत आवाज पोचवायचा आणि कुणाचं दार आलं की बाहेरच थांबायचं. मुलाने तोच आवाज कोर्टात नेला. याबद्दल मामा एकच वाक्य बोलत, पण ते वरचेवर बोलत: "माझ्या बापाच्या हाकेला लोक खिडकीतनं बघत व्हते. माझ्या हाकेला पाटीलबी जोडे काढून आत येत व्हता."

पुकारा तीनदाच का, हे मी बातमीदाराच्या सवयीने दोघांना विचारलं. मामा म्हणाले, कायदाच तसा हाय. कुलकर्णी सरांचं उत्तर वेगळं होतं. त्यांच्या गावाकडे अंधारात कुणी नाव घेतलं तर पहिल्या हाकेला ओ देत नसत, दुसऱ्या हाकेलाही नाही. जे माणूस नसतं ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक आली की खुशाल दार उघडावं. सरांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आहे. हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता.

म्हणून घटस्थापनेच्या आठवड्यात जे ऐकलं ते मी नीट लक्षात ठेवलं.

परतीचा पाऊस होता. दुपारभर उकाडा, आणि अंधारून येता येता किल्ल्याच्या बाजूने वारा सुटला. वीज गेली. कुत्री बाजेखाली शिरली. सगळ्या कॉलनीने खिडक्या ओढून घेतल्या. त्या वाऱ्यात मामांचा आवाज आला: "मिलिंद मारोती सोनकांबळे, हाजीर हो." थोड्या वेळाने पुन्हा एकदा. मी तिसऱ्याची वाट पाहिली. तो आला नाही. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर पडायला लागले. मग स्टेशनपलीकडच्या रिकाम्या धान्यगोदामांकडून अगदी बारीक, लांबट, "हो" असं काहीतरी आलं.

मी खाली गेलो. सर अंधारात बसले होते. त्यांनी तेही ऐकलं होतं. मी म्हटलं, प्रतिध्वनी असेल. ते म्हणाले, असेल. पुढे एका कोरड्या दुपारी मी गच्चीवरून त्या गोदामांच्या दिशेने ओरडून पाहिलं. काहीच परत आलं नाही. एवढंच सांगता येतं.

मिलिंदची हकीकत मला मंगलने सांगितली, मशीन न थांबवता. तिचा नवरा वीज खात्यात लाईनमन होता. अशाच आश्विनातल्या वादळात लाईन बंद पडली आणि तो मोटारसायकल घेऊन निघाला. मोटारसायकल ओढ्याच्या अलीकडे उभी सापडली. चावी लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. ओढा भरून वाहत होता. माणूस सापडला नाही, पाणी उतरल्यावरही नाही. मामा तेव्हापासून संध्याकाळी गच्चीवर जायला लागले. इतर दिवशी जुनी नावं. वादळ आलं की फक्त हे एक.

मग एके सकाळी मी मामांना सरळ विचारलं. ते खांबासारखे ताठ बसून दाढी करत होते. त्यांनी वस्तरा पुसला आणि नव्या उमेदवाराला काम समजावून सांगावं तशा सुरात म्हणाले, "तिसरा पुकारा झाला आन् माणूस न्हाई आला, की साहेब गैरहाजीर लिवतात. मग काय करता येत न्हाई. ह्याचे दोन झालेत. तिसरा बाकी हाय. म्हंजे पेशी चालू हाय."

त्यांनी उरलेला अर्धा गाल केला.

पण दुसरी पेशी, दुसरी सुनावणीही चालू होती, ती खऱ्या कोर्टात. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मयत ठरवू शकतं. मंगलने तसा अर्ज केला होता. नवऱ्याच्या जागी नोकरी मिळत होती, पण त्याला कोर्टाचा निकाल लागत होता आणि दिवाळीनंतर ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. अडचण एकच. मुलाची खबर आली असती तर बापाला आली असती. ती आली नाही हे बापाने कोर्टात येऊन सांगायला हवं होतं. मामांना नोटीस मिळाली. त्यांनी ती वाचली, सही करून घेतली, आणि तारखेला गेले नाहीत. पुढच्या तारखेलाही नाहीत. ज्या व्हरांड्यात ते आयुष्यभर उभे राहिले, तिथे त्यांचंच नाव पुकारलं गेलं आणि ते घरी शेंगा निवडत बसले. कॉलनीत यावर हसणारे होते. मंगल त्यांच्यात नव्हती. ती मामांना काही बोललीही नाही. फक्त त्या दोन दिवशी भाकरी करपली नाही, आणि मामांनी ती दाखलही केली नाही.

आश्विन पौर्णिमेला विहारात वर्षावासाची समाप्ती होती. संध्याकाळी कॉलनीच्या मधल्या पटांगणात एकीकडे खिरीचं पातेलं आणि दुसरीकडे कोजागरीचं दूध, अशी दरवर्षीची पद्धत. लोकांना बोलवायचं काम मामांचं. ते घराघरांची नावं पुकारत, लोक वाट्या घेऊन येत, जो तिसऱ्यालाही येत नसे त्याचं नाव पुढच्या पौर्णिमेपर्यंत थट्टेत राही. त्या दिवशी कुलकर्णी सर मुद्दाम तिसऱ्याला आले आणि म्हणाले, मला माणूसच बोलावतोय याची खात्री करत होतो. मामा हसले. ते हसलेले मी तेवढेच पाहिले.

चंद्र वर यायच्या आतच ढग चढले. वारा एकदम आला, पातेल्यांवरची ताटं उडाली, लोक पांगले. मी माझे वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर पळालो. आमची आणि सोनकांबळ्यांची गच्ची कमरेएवढ्या कठड्याने जोडलेली आहे. मामा पलीकडे उभे होते, भिजत. एक पुकारा झाला. दुसरा झाला. वीज चमकली तेव्हा मला जिन्याच्या तोंडाशी मंगल दिसली. भिंतीला टेकून, हातात बंद छत्री.

मामा वळले आणि त्यांनाही ती दिसली. त्यांनी विचारलं, हितं काय करायलीस.

ती म्हणाली, "तुमी दोन देऊन अंधारात माझ्या बाजूनंच जेवायला उतरता, मामा. तिसऱ्यासाठी मी उभी ऱ्हाते. दर वादळाला."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"तुमी मागं बघितलं कवा? तुमी रस्त्याकडं बघता."

गोदामांच्या बाजूने काही आलं की नाही ते सांगता येणार नाही, पाऊस फार होता. मग मामांनी तिच्या हातातली छत्री घेतली, उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. दोघं खाली गेली. मी कपडे तिथेच विसरलो.

पुढच्या तारखेला मी कोर्टात होतो. मामा वेळेआधी आले होते, बटण गळ्यापर्यंत. मंगल बाकाच्या दुसऱ्या टोकाला. बाहेर रिपरिप चालू होती. नंबर आला. बेपत्ता माणसाच्या नावाने वर्तमानपत्रात नोटीस दिली होती, तेव्हा त्याला एकदा पुकारणं भागच होतं. नवा शिपाई व्हरांड्यात गेला आणि त्याने मिलिंदचं नाव घेतलं. मुलगा चांगला होता, आवाज बारीक होता. पत्र्यावरच्या पावसात ते नाव पायऱ्यांच्या खालीसुद्धा गेलं नाही.

मामा उठून उभे राहिले. न्यायाधीशबाईंना म्हणाले, "साहेब, आवाज रस्त्यापस्तोर गेला न्हाई. परवानगी असल तर मी देतो."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग समोरच्या कागदावरच्या नावाकडे पाहिलं, आणि मान हलवली.

ते व्हरांड्यात गेले. पहिला पुकारा झाला तेव्हा फाटकाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातली माणसं बाहेर आली. दुसऱ्याला वकिलांची बडबड थांबली. मग मामा थांबले. छाती भरून घेतलेली मागूनही दिसत होती. एक रिक्षा जाईपर्यंत ते थांबले. मग तिसरा दिला. इतक्या दिवसांत मी त्या आवाजात कंप ऐकला नव्हता, आणि त्या दिवशीही ऐकला नाही. शेवटचा "हो" रस्ता ओलांडून गेला.

तिसऱ्या पुकाऱ्यानंतर कोर्टात कुणी थांबत नाही. मामा थांबले. कुणी त्यांना आत बोलावलं नाही. रस्त्यावरून एक माणूस पोतं डोक्यावर घेऊन आला, सगळे त्याच्याकडे बघायला लागले, आणि तो निघून गेला.

मामा पाय पुसून आत आले. दाराजवळच्या आपल्या जुन्या जागेवर उभे राहिले. म्हणाले, "गैरहाजीर, साहेब."

लेखनिकाने ते टाइप केलं. नंतर त्यांची साक्ष झाली, लहानशी. मुलाची खबर आली का? नाही. पत्र, फोन, निरोप? नाही. कुणी पाहिला असं ऐकलं का? इथे ते क्षणभर अडले आणि मग नाही म्हणाले.

यानंतर अर्जदाराची साक्ष होती. नवा शिपाई पुन्हा व्हरांड्याकडे निघाला. मामांनी हाताने त्याला अडवलं. पुकाऱ्याची गरज नव्हती, ती तीन पावलांवर बसली होती. घरी जेवायला बोलवावं तसं, हळू, त्यांनी एकदाच म्हटलं, "मंगल."

ती उठली. "आले, मामा."