मोतिया भिंतीची संमती

रत्नप्रभा खोपडे यांच्या मागच्या खोलीची भिंत सोमवारी सकाळपर्यंत सहा इंच मागे सरकली होती, कारण खिडकीच्या चौकटीला कुठला रंग द्यायचा ते अजून ठरत नव्हतं.

आमच्या शहरात यात नवल नाही. साधी पांढरी, म्हणजे चुन्यासारखी पांढरी भिंत कुणाच्या अध्यात ना मध्यात असते. तिच्या चौकटींना काहीही फासा. पण ज्या पांढऱ्यात पिवळ्याचा एखादा थेंब असतो, ज्याला रंगाच्या दुकानात मोतिया म्हणतात, ती भिंत स्वभावाने हळवी. चौकट बिनरंगाची उघडी ठेवली तर ती रोज अर्धा इंच मागे जाते. न पटणारा रंग लावला तर एकदम दोन इंच. आणि एकदा गेलेली भिंत परत येत नाही.

रत्नप्रभाबाईंना हे माहीत होतं. तरी त्यांनी मोतियाच निवडला. त्यांचे यजमान निवृत्ती खोपडे पाच आठवडे त्या खोलीत पडून होते. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस नळावरच्या शेवाळावरून घसरला आणि मांडीचं हाड मोडून बसला. वयामुळे डॉक्टर शस्त्रक्रिया नको म्हणाले. पायाला वजन बांधून, पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून त्यांना घरीच निजवलं होतं. जुन्या भिंतीला ओल आली होती, पोपडे त्यांच्या अंगावर पडायचे. म्हणून बाईंनी रंगारी इस्माईलभाईंना बोलावून भिंती रंगवून घेतल्या. रंग कोणता, हे त्यांनी नवऱ्याला विचारलं नाही. विचारून उपयोग नसे. एकेचाळीस वर्षांच्या संसारात कुठल्याही प्रश्नाला निवृत्तींचं उत्तर एकच असे, "तुला हवं ते कर."

पहिल्यांदा बाईंनी चौकटीला चकचकीत पांढरा घेतला. त्यांच्या धाकट्या बहिणीकडे तसा होता. इस्माईलभाईंनी खिडकीच्या चौकटीवर वीतभर पट्टा ओढला. अर्ध्या तासात भिंत दोन इंच गेली. पांढऱ्याला पांढरं खेटवलं की दोघांतलं एक मळकं दिसतं, आणि भिंतीने ते स्वतःला लावून घेतलं, असं इस्माईलभाई म्हणाले. त्यांनी पट्टा खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी निळसर राखाडी लावला. त्याने भिंत कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसायला लागली आणि आणखी दोन इंच गेली. त्यानंतर बाईंना काही सुचेना. चार दिवस चौकट उघडी राहिली, त्याचे दोन इंच.

सोमवारी दुपारी एक वाजता नगरपालिकेच्या भिंत विभागाच्या निरीक्षक तेजस्विनी आवळे आल्या. तिशीची, शांत बोलणारी बाई. त्यांनी टेप लावली, सहा इंच लिहून घेतले आणि स्वयंपाकघरात उभ्यानेच परिस्थिती समजावून सांगितली. भिंत नऊ इंची आहे. नऊ इंच सरकली की ती स्लॅबखालून पूर्ण बाहेर पडते. एक भिंत गेली की उरलेल्या तिघी त्या घरात थांबत नाहीत, हा आजवरचा अनुभव. म्हणजे हातात एकच नकार शिल्लक आहे.

टेकू लावले तर चालतील का, असं बाईंनी विचारलं. आवळे नाही म्हणाल्या. मागच्या वर्षी पेठेत एकांनी टेकू लावले होते. भिंतींना तो अविश्वास वाटला आणि चारही जणी संध्याकाळच्या आत निघून मैदानावर जाऊन उभ्या राहिल्या. पुन्हा चुन्याचा पांढरा द्यावा, तर ओली भिंत जास्त सरकते. पेशंटला हलवणं, एवढाच एक मार्ग त्यांच्या मते सुरक्षित होता.

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी आणखी दहा दिवस हलवायचं नाही म्हणून सांगितलं. आता वजन सोडलं तर हाड सरकेल, पाय आखूड होईल, या वयात पुन्हा उभं राहणं अवघड. बाईंनी फोन ठेवला आणि आवळ्यांना एवढंच सांगितलं की हलवता येणार नाही.

तेवढ्यात शेजारचे बिडवे आले. बिडवे निवृत्त तलाठी. दोन घरांमध्ये त्यांची अडीच फुटांची बोळ होती, आणि खोपड्यांची भिंत आता तिच्यात सहा इंच आली होती. ते भांडायला आले नव्हते, पण हातात तक्रारीचा अर्ज होता. रत्नप्रभाबाईंनी त्यांना बसायला सांगितलं नाही. त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि आपलं मत दिलं. मोतिया भिंतीला गडद चॉकलेटी. त्यांच्याकडे वीस वर्षं तोच आहे, भिंत जागची हललेली नाही. पुढचा रंग विचारायला आलेल्या इस्माईलभाईंनाही ते पटलं. शंभरातल्या नव्वद भिंती चॉकलेटीला हो म्हणतात, ते म्हणाले.

नव्वद म्हटल्यावर बाईंना धीर आला. पट्टा ओढला गेला. आवळ्यांनी भिंतीच्या पायाशी, फरशीवर पेन्सिलीने रेघ मारली. सगळे दाराशी उभे राहिले. निवृत्ती पलंगावरून छताकडे बघत होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं.

वीस मिनिटं काही झालं नाही. बिडवे समाधानाने खाकरले. मग जड कपाट ओढताना होतो तसा आवाज झाला, निवृत्तींच्या चादरीवर सिमेंटची भुकटी पडली, आणि भिंत दोन इंच गेली. स्लॅबच्या कडेला केसाएवढी फट पडली आणि तिच्यातून उन्हाची एक रेघ आत आली.

आवळ्यांनी आठ लिहिलं. आता कुठलाही नकार परवडणार नव्हता, आणि काहीच न करता थांबलं तरी दोन दिवसच होते. त्यांनी नोटीस भरली. पाच वाजेपर्यंत घर रिकामं करायचं, पेशंटसह किंवा पेशंटशिवाय. शेवटचे दोन शब्द छापीलच होते, त्यांनी ते खोडले नाहीत एवढंच.

नोटीस वाचून झाल्यावर निवृत्ती बोलले. ते म्हणाले की बाईंनी बहिणीकडे जावं, आपण इथेच राहतो, दहा दिवसांत काय ते होईल. हे त्यांनी गाडी उशिरा सुटेल असं सांगावं तसं सांगितलं. रत्नप्रभाबाईंनी नोटिशीची घडी घातली. त्यांनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.

आम्ही त्याच गल्लीतले; नंतर त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं की त्या क्षणी त्यांना आधी भीती वाटली नाही, राग आला. आयुष्यभर या माणसाने सगळं त्यांच्यावर सोडलं. मुलीचं नाव, घराचा नकाशा, साधं सणाचं पक्वान्न. आणि आता मरायचं कसं तेवढं मात्र स्वतः ठरवतोय.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. "तुम्हाला कुठला रंग हवाय?" त्यांनी विचारलं.

"तुला हवा तो."

"मला हवे होते ते तीन संपले. आता तुमचा सांगा. सांगितल्याशिवाय मी इथून उठणार नाही. स्लॅब पडला तर दोघांवर पडेल."

निवृत्तींना हवं-नको सांगायची खरोखर सवय नव्हती. मग त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली. रंग लावल्यापासून ते त्या भिंतीकडेच बघत होते. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतं. सकाळी सातला ती दुधासारखी असते. साडेअकराला ताकासारखी, जरा फटफटीत. दीडला तिच्यावर काहीच नसतं. हे सगळं ते वेळेसकट सांगत होते.

"पावणेचारला खिडकीशेजारच्या त्या कोपऱ्यात एक रंग येतो," ते म्हणाले. "वीस मिनिटं थांबतो. मग जातो. तो आला की भिंत बरी दिसते. स्वस्थ दिसते."

"कसला रंग?"

"नाव नाही माहीत. सावलीच आहे ती. पण काळी नाही."

बाईंनी घड्याळ बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी दार उघडून इस्माईलभाईंना डबे घेऊन आत बोलावलं.

आवळ्यांनी अडचण मांडली. नमुना अर्जात रंगाचा कार्डावरचा क्रमांक लिहावा लागतो, आणि या रंगाला क्रमांक नव्हता. शिवाय नोटीस निघाल्यावर नवीन पट्टा ओढायला परवानगी देता येत नाही. बाईंनी विचारलं की नोटिशीची मुदत किती वाजता संपते. पाच. मग पाचपर्यंत घर माझं, असं त्या म्हणाल्या. आवळ्यांनी यावर विचार केला आणि ते बरोबर आहे असं मान्य केलं.

पावणेचारला सात मिनिटं कमी असताना कोपऱ्यात काही नव्हतं. बिडव्यांनी दारातून विचारलं, आज ढग तर नाहीत ना. इस्माईलभाई फरशीवर मांडी घालून बसले होते, पुढ्यात पांढऱ्याचा डबा, तपकिरीची, पिवळ्याची आणि काळ्याची बाटली. चाळीस वर्षं रंग मिसळणाऱ्या त्या माणसाच्या कपाळावर घाम होता.

पावणेचारला तो रंग आला. आधी कुणाला दिसला नाही. निवृत्तींनी बोट दाखवल्यावर दिसला. खिडकीच्या कडेने हातभर उंच, वाळलेल्या अळंबीच्या पाठीसारखा, राखाडी म्हणावं तर उबदार आणि तपकिरी म्हणावं तर फिका. इस्माईलभाईंनी भराभर ढवळायला घेतलं. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठिपका काढून ते कोपऱ्याशी धरायचे आणि निवृत्तींकडे बघायचे.

"काळं झालं," निवृत्ती म्हणाले.

पांढरं वाढवलं. फार झालं. तपकिरीचा थेंब. आता मातकट. निवृत्ती प्रत्येक वेळी नाही म्हणत होते, आणि दर नाहीला त्यांचा आवाज मोठा होत होता. बाई घड्याळ धरून उभ्या होत्या. चार वाजले. वीस मिनिटांतली पंधरा गेली. खालच्या बाजूने तो रंग विरायला लागला.

"पिवळ्याचा एकच थेंब," निवृत्ती म्हणाले. "बस. आता थांबा. हाच."

ठिपका कोपऱ्याशी धरला तेव्हा पुठ्ठा तेवढा दिसत होता, ठिपका दिसत नव्हता.

इस्माईलभाईंनी चौकटीवर पट्टा ओढला. आवळ्यांनी नवी रेघ मारली, क्रमांकाच्या रकान्यात बाईंच्या सांगण्यावरून 'भिंतीचीच सावली' असं लिहिलं, आणि सगळ्यांना अंगणात जायला सांगितलं. इस्माईलभाई आणि बिडवे गेले. रत्नप्रभाबाई गेल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर उशी धरली, मग तिचा काही उपयोग नाही हे लक्षात येऊन खाली ठेवली आणि त्यांचा हात धरला. आवळ्यांनी जायला हवं होतं, पण त्या उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या, कारण रेघ कुणीतरी बघायला हवी होती.

दहा मिनिटं. वीस मिनिटं. चॉकलेटीच्या वेळी इथेच आवाज आला होता. निवृत्तींनी डोळे मिटले. पंचविसाव्या मिनिटाला भिंतीत काहीतरी कुरकुरलं, आणि स्लॅबच्या फटीतून थोडी भुकटी पडली. बाईंनी त्यांच्या हातावरची पकड इतकी घट्ट केली की नंतर दोन दिवस वळ राहिला.

आवळे वाकल्या, मग गुडघ्यावर बसल्या आणि पट्टी लावून रेघ तपासली. भिंत रेघेवरच होती. नुसती टेकली होती, दिवसभर उभा राहिलेला माणूस टेकतो तशी.

नियमाप्रमाणे आणखी वीस मिनिटं थांबावं लागलं. पाचला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी नोटीस मागे घेतली. स्लॅब एक इंचावर टेकला होता. एक इंच म्हणजे आधारच, असा खुलासा त्यांनी शेऱ्यात केला. बिडव्यांनी खिशातला अर्ज काढून वाचला आणि पुन्हा खिशात ठेवला. बोळ आता एक फूट दहा इंच होती. आपण आडवे चालत जाऊ, ते म्हणाले, तसंही तिकडे कुणी जात नाही. इस्माईलभाईंनी उजेड होता तोवर सगळी चौकट रंगवून टाकली.

मंगळवारी सकाळी आवळे संमतीपत्रावर सह्या घ्यायला आल्या. भिंतीच्या वतीने त्यांनीच सही केली होती. रत्नप्रभाबाईंनी केली. निवृत्तींना निजून पेन चालेना, म्हणून त्यांना पेन्सिल दिली. सहीच्या वर एक ओळ असते, 'घरातील अन्य रंगांबाबत रहिवाशाची काही हरकत'. तिथे सगळे 'नाही' लिहितात, आणि आवळ्यांनी सवयीने त्या शब्दापुरतीच जागा बोटाने दाखवली.

निवृत्तींनी तिथे लिहायला बराच वेळ लावला. मग कागद परत दिला. त्यावर लिहिलं होतं, 'स्वयंपाकघरातला हिरवा.'

रत्नप्रभाबाईंनी तो वाचला, चष्मा पुसला आणि परत वाचला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"एकोणीसशे अठ्ठ्याण्णव," निवृत्ती म्हणाले. "दिवाळीच्या आधी."

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्या बसल्या. आणखी काय काय आहे ते आता एकदाच सांगून टाका, असं त्या म्हणाल्या. निवृत्तींनी उशी जरा वर घ्यायला सांगितली.

आवळ्यांनी हरकतीची नोंद केली, वेळ लिहिली, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला तसं कळवायला आत गेल्या.