हिरव्या दिव्याचा पाडाव आणि शंटाची नेमणूक

श्रीमंत वाचकसाहेबांचे सेवेसी अर्ज ऐसाजे, पलीकडील उतारावर एकट्या राहणाऱ्या आमच्या सासूबाईंनी आगाऊ बजाविले होते, "बॅटरी भरली म्हणून सांगणाऱ्या त्या हिरव्या दिव्यावर जाऊ नकोस गं, तो सदा हसतमुखच असतो." आणि आम्ही, पदवीधर असल्याकारणे, ते हसण्यावारी नेले.

घरास बाहेरची वीज नाही. छपरावरील सोलर आणि एक बॅटरी, इतकेच दौलतीचे बळ. मग एके ढगाळ दुपारी बाळराजांस खोकल्याने घेरिले, आणि नेब्युलायझरची वाफ निम्मी जाहली असता बॅटरीने मान टाकिली. यंत्र थांबून भार उतरताच दिवा मात्र पुनश्च हिरवागार, जणू बॅटरी भरलेलीच!

मग मसलत बसली, की विजेचे येणेजाणे मोजणारा पितळी नाकेदार, ज्यास शंट म्हणतात, तो नेमावा. पतिराजांनी शंभर अँपिअरचा पसंत केला, सुबक म्हणून. वायरमनकाकांचे फर्मान सुटले, "पंप आणि मिक्सर एकदम लागले की तापेल हा. तीनशेचा घ्या आणि गप बसा." आणि पतिराजांनी तीनशेचा आणिला.

मग बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाशी शंट पान्याने आवळून कायम केला, आणि हुकूम जाहला की घरची एकूणएक निगेटिव्ह तार नाक्याच्या पलीकडेच जोडावी, झडतीवाचून कोणी न जावे.

परंतु आमची नजर तिखट. दुसरे दिवशी घरची बाकी सारी उपकरणे बंद, बाळराजांचे यंत्र घरघरते आहे, आणि शंटाच्या पडद्यावर खर्च शून्य! तपासाअंती उघड जाहले की पतिराजांनी ममतेपोटी तेवढी एक तार थेट बॅटरीस जोडिली होती.

"बाळाच्या मशीनला मध्ये अडथळा कशाला?"

"अहो, ज्याच्यासाठी पहारा बसवला, त्यालाच चोरवाट?"

मग तार नाक्यावर आली, आकडा हलला, बाळराजांनी पुरती वाफ घेतली आणि निद्रा केली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते. बॅटरी त्र्याऐंशी टक्के, आणि खरी.

एक कलम मात्र बाकी. काढिलेला हिरवा दिवा सासूबाई पिशवीत घालून घेऊन गेल्या, "फेकता कशाला? मला एकटीला पुरे." शहाणपण सुनेस, दिवा स्वतःस! त्यांचे इन्सुलिन बॅटरीवरील फ्रीजमध्ये असते. फोन करावा तर म्हणतात, "हिरवा आहे गं." पतिराज त्यांच्यासाठी दुसरा शंट आणण्यास गेले, ते संध्याकाळशिवाय परतत नाहीत, आणि खोकणारे बाळ टाकून आम्हांस निघवत नाही. तरी साहेबांचे त्या उतारावरून जाणे जाहल्यास मेहेरबानी करून आत डोकावावे. दिव्याकडे पाहू नये. फ्रीज उघडून कुपी गार आहे ना, हात लावून पाहावे.