वाडग्याला तेल कोणतं?

तेलच तर लावायचं होतं. एवढ्याशा कामासाठी कोणाला विचारावं असं मला वाटलं नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

सासरे गेले आणि आम्ही सासूबाईंच्या घरी राहायला आलो. निवृत्तीनंतर सासऱ्यांना लाकडी वाडगे करायचा नाद लागला होता. मागच्या खोलीत त्यांचा लाकूड कातायचा लेथ, भिंतीला छिन्न्या, खिळ्यावर जाड कापडाचा एप्रन आणि फळीवर ओळीने वाडगे. लेथवरून उतरवलेले, घासून गुळगुळीत केलेले, पण वरून काहीच न लावलेले. तेवढं राहिलं आणि माणूस गेला, अशी आमची समजूत. इकडे सासूबाईंनी जेवण जवळजवळ सोडलं. सकाळी दोन घास, संध्याकाळी दोन घास, तेही मुलगी, म्हणजे माझी बायको, समोर बसली तर. डॉक्टर तपासून गेले. "आजार काही नाही," ते दारात म्हणाले, "पण जगायचंच नाही असं ठरवून बसलेल्या माणसाला मी काय देणार?" बायको ओट्याशी उभी राहून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. (सांत्वनाच्या बाबतीत माझी मजल तेवढीच.)

मग मला कल्पना सुचली. सासऱ्यांच्या हातचा एक वाडगा तयार करायचा आणि सासूबाईंना त्यात जेवायला द्यायचं. त्यांची आठवण म्हणून तरी चार घास जास्त जातील. बायकोचे डोळे चमकले. माझ्या एखाद्या कल्पनेने ते चमकल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे मी हुरळून गेलो.

ओट्यावरचं स्वयंपाकाचं तेल घेतलं आणि वाडग्याला सढळ हाताने चोपडलं. तेलही खायचं, भांडंही खायचं. यात चुकण्यासारखं काही असेल हे विमा कंपनीत जन्म घालवून लोकांच्या चुका शोधणाऱ्या मला तरी दिसलं नाही. पण ते तेल लाकडात वाळत नाही, नुसतं मुरतं आणि नासतं. काही दिवसांत वाडगा चिकट झाला. तरी आम्ही त्यात गरम सूप वाढलं. सासूबाईंनी वाडगा तोंडाजवळ नेला, थांबल्या आणि हळूच खाली ठेवला. खवट वास माझ्यापर्यंत आला.

"यांच्या हातचं काही असं नासलं नव्हतं कधी," एवढं बोलून त्या खोलीत गेल्या.

त्या दिवसापासून दोन घासही बंद झाले.

"निदान तेवढं तरी खात होती हो आई," बायको म्हणाली. ती भांडली असती तर परवडलं असतं.

मी रंगाच्या दुकानात धावलो. दुकानदार म्हणाला, "खायच्या भांड्याला डब्यातलं उकळलेलं जवसाचं तेल नको, त्यात लवकर वाळायची रसायनं असतात. शुद्ध जवसाचं लावा, पण त्याला वाळायला आठवडे लागतात. घाई असेल तर केमिस्टकडून लिक्विड पॅराफिन आणा."

घाई होतीच. केमिस्टकडे रांग होती.

"लिक्विड पॅराफिन. मोठ्या दोन बाटल्या," मी म्हणालो.

काउंटरवरच्या बाईंनी मला निरखून पाहिलं. "किती दिवस झाले?"

"महिना होत आला. अगदी कोरडं पडलंय."

मागची माणसं जरा दूर सरकली. "झोपताना दोन चमचे घ्या," बाई म्हणाल्या.

"घ्यायचं नाही हो. कापडाने चोळायचंय. आतून आणि बाहेरून."

त्यांनी बाटली परत फळीवर ठेवली. "आधी डॉक्टरांना दाखवा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. (लिक्विड पॅराफिन लोक पोट साफ व्हायला घेतात हे मला कुठे माहीत? रांगेत आमचे हेडक्लार्क होते. सोमवारी माझ्या टेबलावर कोणीतरी पपई ठेवली होती.)

त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणं शक्यच नव्हतं, म्हणून मी जवसाचं तेल आणलं. निघताना रंगवाला वापरलेली फडकी पसरून ठेवा असं काहीतरी म्हणाला. मी मान डोलावली.

रविवारी दुपारी दुसऱ्या वाडग्याला तेल लावलं, पुसलं, पुन्हा लावलं. मग नीटनेटकेपणा म्हणून तेलकट फडकी पुठ्ठ्याच्या खोक्यात दाबून भरली आणि खोकं एप्रनखाली सरकवलं. जवसाचं तेल वाळताना तापतं. पसरलेल्या फडक्यातली उष्णता हवेत निघून जाते. खोक्यात कोंबलेल्या फडक्यांतली जाणार कुठे?

संध्याकाळी धूर आला. मी धावलो. खोकं पेटलं होतं आणि एप्रन खालून वर जळत चालला होता. मी दारात उभा राहून नुसता "आग, आग" म्हणत राहिलो. मला बाजूला ढकलून कोणीतरी आत शिरलं. खाटेवरून उठायला नको म्हणणाऱ्या सासूबाई. त्यांनी बादलीभर पाणी ओतलं आणि एप्रन ओढून पायाखाली तुडवला. आग विझली. एप्रनचा एक खिसा तेवढा उरला होता आणि त्यात लाकडाचा भुसा होता. तो मुठीत धरून त्या खाली बसल्या आणि सासरे गेल्यापासून पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या. बायको त्यांना धरून रडत होती. मी काळ्या पाण्यात उभा होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. "जावईबापू, एवढं काय लावत होतात?"

"तेल. तुम्हाला जेवता यावं म्हणून."

"अहो, तेल ते लोकांना द्यायच्या वाडग्यांना लावायचे. मला कोरं लाकूडच लागतं. जेवलं की धुवायचं, पुसायचं, उभं करून वाळवायचं. फळीवरचे सगळे माझेच होते. तयारच होते."

"मग बोलली का नाहीस?" बायकोने विचारलं.

"मला कोणी विचारलं?"

त्या उठल्या, फळीवरचा एक कोरा वाडगा काढून धुतला आणि म्हणाल्या, "सूप उरलंय का?"

त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. दुसऱ्या दिवशीही, आणि नंतरही. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि चकित झाले. "ही जादू कशी झाली?"

"त्यांच्यामागे जायचं मी अगदी पक्कं केलं होतं, डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या. "पण मग माझी मुलगी या माणसाबरोबर एकटी राहिली असती."

डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग बॅग बंद करत ते सासूबाईंना म्हणाले, "तर मग तुम्हाला इतक्यात जाता येणार नाही."