चटणी नको म्हणणाऱ्यांचं साम्राज्य

जगातली प्रत्येक थोर संस्था कुणाच्या ना कुणाच्या होकारातून जन्माला येते. कुणी भांडवलाला हो म्हणतं, कुणी भागीदारीला, कुणी नुसतंच लग्नाला. आमची संस्था मात्र दोन नकारांतून जन्माला आली आणि तरीही अर्धशतकाहून जास्त टिकली. यावरून होकाराचं महत्त्व लोक उगाच वाढवून सांगतात हे सिद्ध होतं.

'टाको हाल्वोर' ही अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली मेक्सिकन खाण्याची सर्वांत मोठी साखळी. (सर्वांत मोठी, कारण दुसरी नव्हती.) भरभराटीच्या काळात तिच्या नऊ शाखा होत्या. हा इतिहास लिहिताना एक आहे, पण एका दुकानाला साखळी म्हणू नये असं कुठल्याही कायद्यात म्हटलेलं नाही. अधिकृत इतिहासकार म्हणून कंपनीने प्रस्तुत लेखकाची एकमताने नेमणूक केली. ते एक मत प्रस्तुत लेखकाचंच होतं, कारण तो संस्थापकांचा मुलगा, कंपनीचा अध्यक्ष आणि तळणीचं तेल बदलणारा कर्मचारी, असा तिन्ही खात्यांचा कारभार पाहतो. माझं नाव आर्लन ब्यर्कनेस.

संस्थापक हाल्वोर ब्यर्कनेस म्हणजे आमचे बाबा. ग्रॅनहोल्म गावात त्यांची खानावळ होती. तिथे एकच पदार्थ मिळायचा: खिमा, डब्यातलं मश्रूमचं सूप आणि वर बटाट्याच्या गोळ्या, सगळं एकाच ताटलीत घालून भट्टीत भाजलेलं. मीठ टेबलावर असे. मिरपूड कुणी मागितलीच तर बाबा ती आतून आणून देत, आणि घरी सगळं ठीक आहे ना, अशी हळूच चौकशी करत.

इथे आमच्या खोऱ्यातली एक रीत सांगणं भाग आहे, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर उभा आहे. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणायचं, पण जरा हळू. तिसऱ्यांदा विचारलं की 'थोडंसं, उरलं असेल तर' असं म्हणून घ्यायचं. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस हावरट, आणि तिसऱ्यांदा न विचारणारा खडूस. या रीतीला अपवाद नाही. आमचे गेरहार्डकाका मासे धरताना तळ्यावरचा बर्फ फुटून पाण्यात पडले, तेव्हा दोर टाकणाऱ्याला ते गळाभर पाण्यातून म्हणाले, "असू दे हो, तुमचे हातमोजे भिजतील." (दोर टाकणारा आमच्यातलाच होता, म्हणून काका वाचले.)

तर त्या काळी उन्हाळ्यात टेक्सासहून मजुरांच्या टोळ्या आमच्याकडे साखरेच्या बीटाची खुरपणी करायला येत. एका वर्षी त्यांच्याबरोबर रेफुजिया बाल्देरास नावाच्या बाई आल्या. बांधावर चूल मांडून त्या आपल्या माणसांना टाको करून घालायच्या, म्हणजे मक्याची पातळ भाकरी, तिच्यात मांस आणि वर लाल चटणी. बाबांची गाडी नेमकी तिथेच चिखलात रुतली. टोळीने ती ढकलून काढली आणि बाईंनी बाबांना एक टाको दिला. त्यांनी विचारलं नाही, सरळ हातात ठेवला. त्यामुळे रीतीला मधे पडायला वावच मिळाला नाही. बाबांनी एक घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. स्वतःच्या लग्नात ज्या माणसाचा चेहरा हलला नव्हता तो भर दुपारी बीटाच्या शेतात रडतोय, ही बातमी त्यांच्या आधी गावात पोचली.

उरलेला उन्हाळा रेफुजियाबाईंनी आमच्या खानावळीत टाको केले. दाराबाहेर रांग लागायला लागली. लोक लालबुंद होऊन बाहेर पडत, नाक पुसत आणि "वाईट नाही" म्हणत. (आमच्याकडे स्तुतीची ही शेवटची पायरी. याच्या वर फक्त मृत्युलेखात जातात.)

ऑक्टोबरमध्ये बीट निघालं, टोळीचा ट्रक दारात येऊन उभा राहिला. बाई एप्रन काढून ठेवत म्हणाल्या, "मालक, चटणी शिकवू का? दहा मिनिटांचं काम आहे."

"नको नको बाई, तुमची गाडी निघायचीय."

"अहो थांबेल गाडी. शिकवते ना!"

"असू दे," बाबा जरा हळू म्हणाले. "तुम्हाला कशाला उगाच त्रास."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, "बरं," म्हणाल्या आणि ट्रकमध्ये चढल्या. बाबांनी तोवर कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली होती. ट्रक वळणाआड गेला तरी ते पेन्सिल धरून दारात उभे होते. आई म्हणायची, त्या दिवशी त्यांना आत आणायला दोन माणसं लागली.

पण थोर माणसं अडून बसत नाहीत. बाबांनी केचप, टोमॅटोचं सूप आणि चिमूटभर दालचिनी एकत्र केली. मिरची अंदाजाने घालायची होती. अंदाज नसल्यामुळे ती घातलीच नाही. या चटणीचं नाव 'ज्वालामुखी' ठेवण्यात आलं. मक्याची भाकरी कुणाला जमेना, म्हणून तिच्या जागी लेफ्सं आलं, म्हणजे आमच्या नॉर्वेजियन आज्या नाताळात करतात ती बटाट्याची पोळी. पाटीवर गाढव हवं होतं. आमच्या चित्रकाराने गाढव पाहिलेलं नव्हतं. त्याने एक लांब कानांची गाय काढली आणि तिच्या डोक्यावर टोपी ठेवली. त्या गायीखाली 'अस्सल' असा शब्द होता.

आणि सांगायला आनंद वाटतो की लोकांना हे सगळं फार आवडलं. चटणी लहान मुलांना चालत होती, दात नसलेल्यांना चालत होती, एका शाखेत तर ती केकवर घालून खात. बघता बघता नऊ गावांत पाट्या लागल्या. खारवलेल्या मऊ माशाचा एक टाको आम्ही काढला होता, त्यापायी दहावी शाखा उघडली त्याच महिन्यात बंद झाली, म्हणून ती मोजलेली नाही.

रेफुजियाबाई दर उन्हाळ्यात येत राहिल्या. बाबा त्यांना टाको देऊ करत आणि त्या पहिल्याच वेळी "हो, द्या" म्हणत, त्यामुळे सगळं दुकान कानकोंडं व्हायचं. त्या एक घास खायच्या आणि खिडकीबाहेर बघायच्या. बाबा शेजारी उभे राहून टेबल पुसत. पुसलेलंच पुन्हा पुसत. "यंदा चटणी जरा... हवेमुळे असेल," ते म्हणायचे. "असेल," बाई म्हणायच्या. आमच्याकडे राहून राहून त्याही सभ्य झाल्या होत्या. स्वतःहून मागणं हे तर आमच्याकडे चोरीच्याही खालचं, त्यामुळे बाबा जास्तीत जास्त टेबल पुसू शकत होते.

पुढे खुरपणीला यंत्रं आली आणि टोळ्या यायच्या थांबल्या. तरी दर जूनमध्ये बाबा दारातली खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवत. शेवटच्या दुखण्यात नर्सने विचारलं, "हाल्वोर, पाणी देऊ?" बाबा म्हणाले, "नको, असू दे." ती बिचारी शिकागोची. तिने पेला परत नेला. मला त्या दिवशी बाबांचा भयंकर राग आला, आणि मी पार्किंगमध्ये जाऊन खूप रडलो.

यानंतर साम्राज्याचा ऱ्हास सुरू झाला. हमरस्त्यावर देशभर पसरलेली एक मोठी साखळी आली, तिच्या चटणीत म्हणे मिरची होती. आमच्या शाखा एकेक करून मिटल्या. दरम्यान ग्रॅनहोल्मच्या साखर कारखान्यात कामाला म्हणून बरीच मेक्सिकन कुटुंबं कायमची राहायला आली होती. ती रोज आमच्या दारावरून जात आणि कधी आत येत नसत. मेक्सिकन खाणं विकणाऱ्या कंपनीला मेक्सिकन गिऱ्हाईक नसावं, ही गोष्ट आमच्या संचालक मंडळाने (म्हणजे मी) वर्षानुवर्षं योगायोग मानली.

गेल्या वर्षी मी ठरवलं की बीटाचा हंगाम संपला की शेवटचं दुकानही बंद करायचं. हे मी लव्हर्नला सांगितलं. लव्हर्न आमच्या खिडकीत ऑर्डर घेते, मी शाळेत होतो तेव्हापासून. तिला नवरा नाही, मूल नाही, ही खिडकी आहे. ती म्हणाली, "बरं. मग पडदे धुवायचे की नाही?" आणि मग धुवायला काढलेच. माझ्या हाताला काही काम सुचेना. मला याशिवाय दुसरं काहीच येत नाही, आणि हेही येत नाही.

हंगाम संपत आला असताना एका दुपारी बीटाचा ट्रक बाहेर उभा राहिला आणि चालवणारी पोरगी आत आली. तिशीची असेल, बुटांना चिखल. तिने टाको घेतला, एक घास खाल्ला आणि थांबली.

"काका, हे वर काय आहे?"

"ज्वालामुखी," मी म्हणालो.

"विझून किती वर्षं झाली?"

लव्हर्न खिडकीत फिस्सकन हसली. पोरगी हात पुसत उठली आणि भिंतीवरच्या फोटोपाशी गेली. फोटोत आमचे बाबा आणि रेफुजियाबाई दुकानासमोर उभे आहेत.

"ही माझी आजी," ती म्हणाली. तिचं नाव झोराईदा. "आणि हाच का तो लांबडा? आजी सांगायची याच्याबद्दल. दोनदा विचारलं म्हणे चटणी शिकवू का, आणि दोन्ही वेळा तोंडावर नको म्हणाला. उन्हाळाभर तिच्या जिवावर दुकान चालवलं, आणि चटणी त्याला आवडलीच नव्हती! आजीला ते मरेपर्यंत लागलं होतं. घरात कुणी चटणी जास्त वाढून घेतली की म्हणायची, बघा, तुम्हाला तरी आवडते."

मी तिथल्या तिथे बसलो.

"मला येते ती चटणी," झोराईदा म्हणाली. माझा चेहरा बघून तिला दया आली असावी. "शिकवू का? दहा मिनिटांचं काम आहे."

आता वाचकहो, या क्षणी सगळं पणाला लागलेलं होतं. दुकान, लव्हर्नची खिडकी, बाबांची पेन्सिल. मला ती चटणी हवीच होती. मी तोंड उघडलं.

"नको नको," मी म्हणालो, "तुला उशीर होईल."

लव्हर्नच्या हातातला ट्रे खाली पडला.

"अहो काका, मनापासून विचारतेय. शिकवते."

"असू दे गं," मी म्हणालो, जरा हळू. "कशाला उगाच त्रास."

"बरं," झोराईदा म्हणाली आणि किल्ल्या उचलून दाराकडे निघाली.

आणि मग ज्या बाईने सगळ्या नोकरीत कुणाला 'एक्सक्यूज मी'सुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं, ती लव्हर्न खिडकीतून अर्धी बाहेर येऊन किंचाळली, "अगं ए मुली, तिसऱ्यांदा विचार त्या गाढवाला!"

"म्हणजे?" झोराईदा थांबली.

लव्हर्नने सगळं सांगितलं. पहिलं नको, दुसरं नको, तळ्यातले काका, दारातली खुर्ची. ही रीत परक्याला उघड करून सांगण्याचा आमच्या खोऱ्यातला हा पहिला प्रसंग, आणि लव्हर्नने याबद्दल अजून माफी मागितलेली नाही.

"म्हणजे त्यांना हवी होती?" झोराईदाने मला विचारलं.

"जन्मभर," मी म्हणालो.

ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. आधी हसली, पोट धरून हसली, "अरे देवा, काय माणसं आहात तुम्ही!" म्हणाली, आणि मग फोटोकडे बघत बाहीने डोळे पुसायला लागली. मग नाक ओढून म्हणाली, "काका, चटणी शिकवू का?"

"थोडीशी," मी म्हणालो. "तुला जमत असेल तर."

वाळलेल्या मिरच्या तव्यावर पडल्या आणि गावभर ठसका उठला. बंब आला. बंबवाल्यांना टाको देऊ केले, त्यांनी दोनदा नको म्हटलं, आणि तोवर आग नसल्याचंही सिद्ध झालं. शनिवारपर्यंत कारखान्यातली कुटुंबं पोराबाळांसकट आत बसलेली होती. दुकान बंद करायचा ठराव संचालक मंडळाने एकमताने रद्द केला. मी झोराईदाला विचारलं, भागीदार होशील का? ती लगेच हो म्हणाली. मी आणखी दोन विचारणा तयार ठेवल्या होत्या, त्या अजून पडून आहेत.

भागीदार झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते पाटी लावायचं: 'इथे एकदाच विचारलं जातं.' लांब कानांच्या गायीच्या बरोबर खाली. पहिल्या आठवड्यात आमचं अर्धं गाव उपाशी घरी गेलं. "चटणी?" "नको नको." "बरं, पुढचे!" पाद्री बाहेर जाऊन गाडीत बसले, आरशात बघून 'हो' म्हणायचा सराव केला आणि परत आले. पुन्हा नको म्हणाले. अलीकडे त्यांना मान हलवता येते. मीही शिकतोय, आणि तुमच्यासारखी वाचणारी माणसं आली की खिडकीत मीच उभा असतो.

तुम्हाला हसू येतंय ते बरं आहे. आम्ही आहोतच हसण्यासारखे. बराच वेळ उभ्याने ऐकलंत, ताटलीत टाको तसाच आहे. चटणी देऊ का थोडी? रेफुजियाबाईंची, आत्ताच वाटलीय.

काय म्हणालात? "नको नको, आत्ताच जेवून आलोय"?

बरं. पुढचे कोण?