लाल ठिपक्याची लाकडं

नदी तुंबल्याची बातमी रामरावांना त्यांच्या सोयाबीननेच दिली. सकाळी ते शेताच्या धुऱ्यावर पोहोचले तेव्हा नदीकाठच्या ओळी बुडाल्या होत्या आणि त्यांचे फक्त शेंडे वर दिसत होते. पाऊस रात्रीच थांबला होता. पाणी मात्र चढतच होतं.

बोरी अरबच्या खालच्या अंगाला अडाण नदीवर एक बुटका पूल आहे. त्याला सगळे रपटा म्हणतात. मोठा पूर आला की वरून वाहत आलेली झाडं त्याच्या मोऱ्यांत अडकतात, नदीला बूच बसतं आणि पाणी मागे फिरून रामरावांच्या शेतात शिरतं. ते बूच काढणारी माणसं ठरलेली होती: रामराव, त्यांचा पुतण्या पिंटू आणि पलीकडच्या तांड्यावरचा फुलचंद. नावा पिंटूच्या. पर्यटकांना नौकाविहार घडवावा म्हणून त्याने प्लास्टिकच्या दोन निळ्या नावा विकत घेतल्या होत्या. पर्यटक आले नाहीत. तेव्हापासून नावा पावसाळ्यात लाकडं काढायला नदीत उतरत. एरवी त्यांत पिंटूच्या कोंबड्या अंडी देत.

तिघे वल्ही मारत रपट्यापाशी आले. आभाळ काळं होतं आणि पाणी त्याहून फारसं उजळ नव्हतं. मोऱ्यांसमोर झाडांचा डोंगर झाला होता आणि पाणी रपट्यावरून वाहत होतं. त्यात एक फुगलेलं वासरू होतं, कोणाचा तरी पाट होता आणि बऱ्याच चपला होत्या, सगळ्या एकेकट्या.

"ते आडवं बाभूळ हाय ना, त्याच्यावरच सारं टेकून हाय," रामराव म्हणाले. "ते कापलं का बाकीचं आपल्या मनानं जाते."

पिंटूने करवत उचलली. तेवढ्यात तांड्याच्या काठावरून आरोळी आली.

"खबरदार! करवत लावशीन तर पाह्य! माह्यं सरण हाय त्याच्यात!"

काठावर फुलचंदचे वडील, धावजी, काठी उगारून उभे होते. फुलचंदने वल्हं खाली ठेवलं आणि तो पाण्याकडे पाहू लागला.

धावजींचं सरण तांड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची बायको भर भादव्यात वारली होती. लाकूड ओलं होतं. शेवटी डिझेल ओतलं, तरी पेटेना, तेव्हा कोणीतरी ट्रॅक्टरचं जुनं टायर आणून टाकलं. तो काळा धूर धावजी विसरले नाहीत. आपल्याला टायर लागू नये एवढी एकच इच्छा त्यांनी उरवली होती. बांधावरच्या बाभळी आणि एक वठलेला आंबा तोडून त्यांनी ओंडके पाडले, घरामागे टिनाखाली रचले आणि कोणी चोरू नये म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला. रोज पहाटे कढत पाण्याने अंघोळ करून ते त्या ढिगासमोर बाजेवर बसत आणि समाधानाने चहा पीत. रात्रीच्या पुराने टीन, बाज आणि सरण, तिन्ही नेलं होतं.

"बाबा, थांबाले टाइम नाही," रामराव ओरडले. "सोयाबीन बुडून राह्यलं माह्यं!"

"सोयाबीन पुढच्या साली पेरशीन. मी काय पुढच्या साली मरतो का दुसऱ्यांदा?"

रामरावांनी पिंटूला करवत खाली ठेवायची खूण केली. माणसाच्या सरणाला नाही कसं म्हणायचं? पिंटूने नाव काठाला लावली आणि धावजी तीत चढून पुढच्या टोकाला बसले.

मग तपासणी सुरू झाली. प्रत्येक ओंडका फिरवून त्याची दोन्ही टोकं धावजींना दाखवायची. ठिपका असला तर ते मान हलवत आणि ओंडका दोराने नावेमागे बांधला जाई. नसला तर, "हे कोण्या दळभद्र्याचं हाय, जाऊ दे." एका ओंडक्यावर ठिपका पुसट होता. धावजींनी नखाने खरवडून पाहिलं, वास घेतला आणि तो आपला असल्याचं जाहीर केलं. तेवढ्यात रामरावांची आणखी एक ओळ बुडाली.

लाल ठिपक्याचे ओंडके मात्र थोडेच निघाले.

"बा, झालं ना आता," फुलचंद म्हणाला. "पुरते तेवढं."

"पुरते? गुडघ्यापर्यंत पुरते! बाकीच्या माणसाचं काय करतं, घरी नेतं?"

"बाकीचं वाहून गेलं असंन."

"बाभळीचं लाकूड हाय ते, कागद नाही. खाली दबून असंन. खालचं काढा."

खालून ओंडके निघाले नाहीत. तुराट्यांच्या, तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, पेंढ्या निघाल्या, लाल चिंध्यांनी घट्ट बांधलेल्या. एक आली, दुसरी आली. प्रत्येक पेंढी दिसली की फुलचंद वल्ह्याने ती घाईघाईने रपट्यावरून पलीकडे ढकलत होता.

"तुले काय घाई झाली बे?" पिंटूने विचारलं.

"कचरा हाय तो," फुलचंद म्हणाला. त्याने पुढची पेंढी ढकलली.

नाव हलत होती आणि मागे बांधलेली लाकडं सुटतील अशी धावजींना भीती होती. म्हणून त्यांनी नावेचा दोर त्या ढिगाऱ्यातल्या सगळ्यांत पक्क्या वस्तूला बांधला. ती वस्तू म्हणजे आडवं बाभूळ. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

रपट्याला बांधलेल्या दुसऱ्या नावेत फुलचंदजवळ उभं राहून रामरावांनी शेताकडे पाहिलं. आता शेंडेही दिसत नव्हते.

"बाबा, माह्या सोयाबीनचं सरण होऊन राह्यलं तिकडं!" ते म्हणाले आणि त्यांनी बाभळीला करवत लावली.

बाभूळ कडाडलं. रामरावांचा अंदाज अचूक होता. सगळं त्याच्यावरच टेकलेलं होतं. बाभूळ निघालं, त्यामागे नाव निघाली, नावेमागे ओंडके निघाले. पिंटूने वेळीच उडी मारून रपट्याचा कठडा धरला. धावजी बसल्या जागी, काठी आडवी धरून, रपट्यावरून पलीकडे गेले आणि दिसेनासे झाले.

"बा!" फुलचंद ओरडला.

नाव खालच्या वळणावर बेशरमाच्या झुडपांत रुतून थांबली होती. धावजी जसे बसले होते तसेच बसलेले सापडले. त्यांचे ओंडके आज्ञाधारकपणे मागे तरंगत होते. इकडे नदी मोकळी झाली होती आणि सोयाबीनमधलं पाणी उतरू लागलं होतं. तिघे चिखल तुडवत पोहोचले तेव्हा धावजींच्या मांडीवर तुराट्यांची एक पेंढी होती. तिची लाल चिंधी सोडून त्यांनी ती दोन हातांत ताणून धरली होती.

"हे माह्यं पागोटं हाय," ते म्हणाले. "जुनं."

आणखी एक पेंढी वाहत त्यांच्यासमोरून गेली.

"फुलचंद, माह्या सरणात तुराट्या कोणं भरल्या?"

फुलचंद बेशरमाची फुलं पाहू लागला. आरडाओरडा ऐकून त्याची बायको रुपीबाई धावत आली होती. पन्नाशी ओलांडली तरी तिने जुनी रीत सोडली नव्हती. सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत, आणि त्यांच्याशी एक शब्द नाही. निरोप नवऱ्यामार्फत जाई. नवरा घरी नसला तर ती दाराला सांगे, आणि दार धावजींच्या कानाजवळच असे. आता तिथे दार नव्हतं. तिने रामरावांकडे तोंड केलं.

"भाऊ, सांगा त्यायले. मी भरल्या."

"बाबा, सून म्हणते तिनं भरल्या."

"मी बहिरा नाही. तिले इचार, लाकडं कुठी गेली?"

"सांगा त्यायले, रोज पहाटे कढत पाणी कोण मांगते? थंडीत पाण्याचे दोन गंज कोण रिकामे करते? पाणी का फुंकून तापते? पावसाळ्यात तुराट्या ओल्या, गोवऱ्या ओल्या. घरात सुकं लाकूड एकच. मांगच्या बाजूनं एकेक ओढलं. ढीग बसू नये म्हणून मंग तुराट्या भरल्या. समोरच्याले हात नाही लावला, बाजेवर बसल्यावर त्यायले दिसलं पाह्यजे म्हणून."

एवढं सगळं पोचवायचं कसं ते रामरावांना कळेना.

"बाबा, थोडक्यात सांगतो," ते म्हणाले. "तुम्ही त्या सरणानं आंघोळ केली."

धावजींनी पागोट्याची चिंधी मुठीत गोळा केली. "इतके वर्स बोलली काहून नाही मंग?"

"सांगा त्यायले," रुपीबाई म्हणाली, "मी त्यायच्याशी बोलत नाही."

रामरावांचं निम्मं सोयाबीन वाचलं. निम्मं पिवळं पडून उभ्या जागी सडलं. पिंटूची नाव चिरली आणि कायमची कोंबड्यांकडे गेली. लाल ठिपक्याचे ओंडके धावजींनी घरात, स्वतःच्या नव्या बाजेखाली रचले आणि आजपासून थंड पाण्यानेच अंघोळ करणार असं सांगितलं. दसऱ्यापर्यंत त्यांना खोकला झाला. तो छातीत उतरला. रात्र रात्र तांडा तो ऐकत असे. रुपीबाईने दाराला सांगितलं, "लाकडं अजून ओलीच हायेत. ती वाळल्याशिवाय कोणं जाऊ नये म्हणा."

दिवाळीनंतर थंडी उतरली. एका पहाटे धावजी अंगणात बादलीसमोर उभे होते. त्यांनी पाण्यात बोट घातलं आणि काढून घेतलं. खोकल्याची उबळ आली, ती संपेपर्यंत ते भिंतीला धरून उभे राहिले. मग त्यांनी दाराकडे तोंड केलं.

"सांग तिले," ते दाराला म्हणाले, "आज पाणी कढत पाह्यजे."

आत भांड्यांचा आवाज थांबला. दारामागून उत्तर आलं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते दारासाठी नव्हतं.

"कोणतं लाकूड काढू, मामाजी?"

धावजींनी दारातून बाजेखालच्या ढिगाकडे डोकावून पाहिलं.

"पायाकडचं," ते म्हणाले.